आडिटरकाकांचं आडिट

थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी वैजनाथरावांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग खिशातला हिरव्या शाईचा पेन काढला आणि माझ्यासमोरच पत्रिका तपासायला घेतली. पाच मिनिटांत तीन आक्षेप निघाले. पहिला, 'समस्त आप्तपरिवार' असा मोघम उल्लेख, यादी जोडलेली नाही. दुसरा, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या मजकुराखाली दोन अज्ञान बालकांची नावं, पालकांची संमती नाही. तिसरा, निमंत्रकांत सात पुरुष आणि एकही बाई नाही, तरी प्रत्यक्ष कार्य कोण पार पाडणार याचा खुलासा व्हावा.

"दुरुस्त करून आना सर. मंग येतो लग्नाला."

पाचशे पत्रिका छापून झाल्या होत्या. मी तिन्ही आक्षेपांसकट लग्न लावलं. वैजनाथराव आले, पहिल्या पंगतीला जेवले आणि जाताना मांडवामागं गेले. तिथं पुऱ्या लाटणाऱ्या बाया बसल्या होत्या. एकेकीला नाव विचारून त्यांनी हात जोडले. त्या बाया एवढ्या घाबरल्या की एकीनं तेलातल्या पुऱ्या जाळल्या. मला त्या दिवशी वाटलं, हा माणूस चांगला आहे, पण थोडा हललेला आहे.

आमचं मानवत तसं व्यापारी गाव. कापूस, तूर, सोयाबीन. इथं पोराला पाढे यायच्या आधी भाव कळतो. अशा गावात मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो, बावीस वर्षं झाली. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज आडतीवर बसून मला 'या सर' म्हणतात आणि चहा पाजतात. हिशोबातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. शेजारच्या प्लॉटवर वैजनाथराव राहायला येईपर्यंत तो टिकला.

ते सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. निवृत्त झाले, पण नुसते कागदावर. कॉलनी त्यांना आडिटरकाका म्हणते. बुटके, काटक, पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. निळा लिहायला, हिरवा तपासायला. किराण्याची यादी, नातवाचं प्रगतिपुस्तक, औषधाची चिठ्ठी, पेपरातली श्रद्धांजली, जे हाताला लागेल त्यावर हिरवी खूण पडते. माझ्या मंडळींनी एकदा त्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवली. डबा परत आला तो चिठ्ठीसह: 'खिचडी मिळाली. मीठ कमी. बाकी निरंक.' तिनं पुढं सहा महिने त्यांना काही पाठवलं नाही.

माझी आणि त्यांची पहिली झकाझकी झाली ती माझ्या धड्यावरून. मी अंगणात चार पोरांची शिकवणी घेत होतो. येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा, हा आमचा बाळबोध नियम. भिंतीपलीकडून आवाज आला.

"सर, काय आलं आन् काय गेलं हे ठरवतंय कोन?"

"ठरवायचं काय त्यात? दिसतंच की."

"कुनाला दिसतंय?"

पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला. मी म्हणालो, "काका, हिशोब म्हणजे आरसा असतो. जे आहे ते दाखवतो."

"आरसा न्हाई सर, टॉर्च हाय. ज्येच्या हातात आसंल, त्यो दाखवील तिकडंच उजेड. बाकी समदं आंधारात. आन् तुमी पोरायला सांगायलाव की आंधारात काईच नस्तंय म्हनून."

त्या चार पोरांपैकी एकानं परीक्षेत 'हिशोब म्हणजे टॉर्च होय' असं लिहिलं. मी त्याचे दोन गुण कापले. ते कापायला नको होते, असं आता वाटतं.

नोकरीतही त्यांनी हेच केलं. एका भरभराटीच्या संस्थेच्या अहवालावर त्यांनी शेरा मारला होता, 'नफा झाला हे खरे. तो कोणास झाला याचा खुलासा व्हावा.' साहेबांनी बोलावून घेतलं. खुलासा संस्थेनं करायचा सोडून वैजनाथरावांनाच करावा लागला. बढती त्यानंतर त्यांच्या दारावरून चार वेळा गेली, आत आली नाही. हे ते स्वतः सांगतात आणि सांगताना गालातल्या गालात हसतात.

आडतीवरही त्यांची दहशत आहे. कापसात ओल आहे, कचरा आहे म्हणून वजनात घट धरतात. एका आडत्याला त्यांनी विचारलं, ही घट जाते कुठं? तो म्हणाला, हवेत उडते काका. वैजनाथराव म्हणाले, "मंग हवेच्या नावानं खातं काडा. लय माल साठलाय तिच्याकडं." आडत्यानं हात जोडले आणि चहाऐवजी लिंबू सरबत मागवलं, म्हणजे लवकर पिऊन उठतील.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या कॉलनीत दत्ताचं मंदिर आहे. दत्तजयंतीला भंडारा असतो. मी वाणिज्यचा मास्तर म्हणून खजिनदारी माझ्या गळ्यात. भंडाऱ्यानंतर आठ दिवसांनी सगळ्यांना बोलावून मी जमाखर्च वाचतो, लोक जांभया देतात, टाळ्या वाजवतात, उठतात. परवाच्या दत्तजयंतीनंतर मी असाच वाचत होतो. गहू कुणी दिला, तेल कुणी दिलं, मंडप कुणाचा. शेवटी नेहमीचं वाक्य, 'पोळ्या कॉलनीतील भगिनींनी केल्याने खर्च निरंक.'

वैजनाथराव उभे राहिले. "आक्षेप."

बसलेल्या सगळ्या पुरुषांनी एकदम सुस्कारा सोडला.

"गव्हाचं पोतं देनाऱ्याचं नाव भिंतीवर. त्या पोत्याच्या पोळ्या करनाऱ्या निरंक? दीड दिवस चुलीपुढं बसल्या त्या. निरंक म्हंजे काय सर? न्हाईच का त्या?"

"काका, त्या काय पैसे मागायला लागल्यात का?"

"गव्हावाल्यानं तरी कुठं मागितले? तरी लिवलंच की तुमी."

मी वहीचं कोरं पान काढलं. पोळ्यांची नोंदवही करायचं ठरलं. मी नावं लिहायला घेतली आणि पुढचा अर्धा तास असा गेला की तसा वैऱ्याचाही जाऊ नये. हिच्या नावावर साठ पोळ्या आणि माझ्या नावावर चाळीस कशा? ही तर नुसती कणीक तिंबत होती. मी लाटत नव्हते, पण भाजत कोण होतं? भाजणारी वेगळी लिहा, लाटणारी वेगळी लिहा. माझ्याच बायकोनं मला सगळ्यांदेखत विचारलं की धूर कुणाच्या नावावर टाकणार. वैजनाथराव मात्र खुशीत होते. "बगा सर, टॉर्च फिरवला की किती मान्सं दिसायलीत."

तेवढ्यात काकू, म्हणजे वैजनाथरावांच्या मंडळी, बोलल्या. काकू कधी बोलत नाहीत. पंधरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'या' आणि 'चहा घ्या' यापलीकडे फारसं ऐकलेलं नव्हतं.

"सर, एक इचारू का? ह्येनी समद्या कॉलनीच्या पोळ्या मोजायलेत. सा वर्सं आक्कांच्या घरी भाकरी खाल्ल्या, त्या कोन्त्या वहीत लिवल्या, तेवडं इचारा."

सगळे हसले. वैजनाथराव हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, चप्पल शोधली आणि घरी गेले. नंतर पाच दिवस ते फिरायला आले नाहीत की भिंतीवरून डोकावले नाहीत.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, भागीरथीबाई, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. जिंतूरकडच्या त्यांच्या मूळ गावात शाळा चौथीपर्यंतच. आक्काचं लग्न होऊन ती पेडगावला नांदत होती. तिनं नवऱ्याला विनवलं आणि धाकट्या भावाला शिकायला आपल्या घरी आणलं. सासरच्या घरात माहेरचा पोरगा सहा वर्षं ठेवून घ्यायचा, त्याच्या ताटात भाकरी वाढायची आणि सासूच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे सोपं नसतं. वैजनाथराव मॅट्रिक झाले ते त्या भाकरीवर.

सहाव्या दिवशी ते माझ्या दारात उभे. हातात जाड फाईल आणि एक टाइप केलेलं पत्र. पत्र माझ्या नावचं होतं: 'आपणांस कळविण्यात येते की सोबतच्या खात्याच्या लेखापरीक्षणासाठी आपली नियुक्ती करण्यात येत आहे. मानधन: चहा.'

"हे काय काका?"

"आक्काचं खातं. म्या लिवलंय. पर सवताच्या हिशोबाचं आडिट सवताला करता येत न्हाई सर. तुमी तपासा."

चौदा पानं होती. सहा वर्षांच्या भाकरी, सुट्ट्या वजा करून. एकादशीचे उपास वजा करून. धुणं. परीक्षेच्या दिवसांतला पहाटेचा चहा. एक शाळेचा सदरा, जो आक्कानं स्वतःच्या लुगड्यातून शिवला होता. टायफाईड झाला तेव्हाचं एकवीस दिवसांचं जागरण. भाकरीला तेव्हाचा भाव लावावा की आजचा, यावर समासात दीड पान स्वतःशीच वाद घातलेला. शेवटून दुसरी ओळ अशी: 'आक्काने सासूची खाल्लेली बोलणी. मूल्यांकन करता आले नाही.'

पहिली दोन पानं मी हसत वाचली. नंतर हसू येईना. माझ्या मावशीकडे राहून मीही बारावी केली आहे.

"ह्याचं काय करणार तुम्ही?"

"आक्काला दिनार. चेक फाडनार. आन् तिच्याकडून बेबाकी घेनार." बेबाकी म्हणजे काही बाकी राहिली नाही असा दाखला. आमच्याकडे सोसायटीत तो मिळाल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. "आक्का सत्त्याहत्तरची झाली सर. ती असंपर्यंत झालं पायजे. ती गेल्यावर मी कुनाकडं मागू?"

हे म्हणताना त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मी मुकाट्यानं दोन दिवस बसून ती चौदा पानं तपासली. दिवाळीची सुट्टी एका वर्षी दोनदा वजा झाली होती, तेवढी एक चूक सापडली. वैजनाथरावांना इतका आनंद झाला की त्यांनी माझी पाठ थोपटली. बाकी खातं बरोबर असल्याचं मी लिहून दिलं. खाली सही केली.

त्या रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही पेडगावला गेलो. आक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. काळ्या, उंच, हाडं मोजून घ्यावीत अशा, पण आवाज खणखणीत. मुलगा शेतात गेला होता. भावाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आज कसा काय उगवलास वैजू? दिवाळी तर झाली की."

"हिशोब आनलाय आक्का तुझा. वाचतो. चुकलं तर आक्षेप घे."

"काय घिऊ?"

"म्हंजे मला थांबव."

"थांबवते की. त्येला काय लागतंय?"

वैजनाथराव वाचू लागले. मी आडिटर म्हणून बाजूला बसलो. भाकरी, सकाळी दोन, सांजच्याला तीन.

"सांजच्याला चार," आक्का म्हणाल्या. "तीन तू मागून घ्यायचास. चवथी म्या न इचारता घालायची."

हिरव्या पेनानं दुरुस्ती झाली. मग धुणं आलं, चहा आला. पाणी राहिलंय, त्या म्हणाल्या, हिरीवरनं पानी कोन आनत हुतं, तुझा मास्तर? तेही घातलं गेलं. भाऊ लिहीत होता, बहीण सांगत होती आणि दोघांनाही मजा येत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग टायफाईड आला. एकवीस रात्री जागरण.

"खोड."

"आक्का, आसं कसं? आदी हिशोब आयकून तर..."

"खोड म्हन्ते ना. भाकर ऱ्हाऊ दे, धुनं ऱ्हाऊ दे. ती कामं हुती, म्या केली. तुला ताप आलता तवा म्या काय काम करत बसले हुते? तू मरतूस का जगतूस बगत बसले हुते. त्येचे पैशे घिऊ व्हय मी? खोड ते."

त्यांनी खोडलं. मला माझ्या बावीस वर्षांत कुठल्याही पुस्तकात काय मोजायचं आणि काय नाही याची इतकी सरळ रेघ सापडलेली नाही. सासूच्या बोलण्यांची ओळ वाचली तेव्हा तर आक्का खोकला लागेपर्यंत हसल्या. "त्येला लय भाव हाय वैजू. तुला न्हाई परवडायचं."

बेरीज झाली. वैजनाथरावांनी चेक लिहिला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. आक्कांनी तो हातात घेतला नाही.

"झालं?"

"झालं."

"रान कुठाय?"

"कोन्तं रान?"

"बापाचं."

वैजनाथराव फाईल चाळू लागले, जणू एखाद्या पानात सापडेल. मग हळू आवाजात म्हणाले, "आक्का, त्येचा तर दस्त झालाय. तू हक्कसोड करून दिलीस न्हाई का?"

हक्कसोड आपल्याकडे घरोघर आहे. बाप गेला की लेकीला जीपमध्ये घालून कचेरीत न्यायचं. माहेरच्या जमिनीतला वाटा सोडला, म्हणून तिनं सही करायची. भाऊ तिला साडीचोळी करतो. सही न करणाऱ्या बहिणीला पुढं सणाला न्यायला कुणी येत नाही. माझ्या दोन्ही बहिणींनी केली आहे. मीच त्यांना नेलं होतं.

"दिली की," आक्का म्हणाल्या. "जिंतूरला नेलंस. सही केली, मंग शेव-जिलबी खाऊ घातलीस आन् साडी घेतलीस. ती साडी लिवलीस का रं तुज्या वहीत?"

वैजनाथरावांनी पान उलटलं. साडी लिहिली होती. 'आक्कास दिले' या बाजूला, स्वच्छ अक्षरात, एक साडी व एक चोळी. खाली हिरवी खूण. ती साडी मीही तपासली होती, नग एक, बरोबर म्हणून.

"साडी हाय. रान न्हाई," आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"कायद्यानं ते संपलं आक्का. म्हनून घेतलं न्हाई. दस्तात लिवलंय, राजीखुशीनं."

"कुनाच्या?"

वैजनाथरावांनी फाईल मिटली. जन्मभर ज्यानं दुसऱ्याला हाच प्रश्न विचारला, तो मान खाली घालून बसला होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"मला येक सांग वैजू. म्या त्या दिशी न्हाई म्हनले आस्ते, तर तू पंचमीला न्यायला आला आस्तास का?"

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आलो असतो की आक्का, असं काय बोलतीस. वैजनाथराव विचार करत राहिले. 

"न्हाई आलो आस्तो बहुतेक," ते म्हणाले.

"मंग? राजी न्हवते रं मी. मला भ्या वाटत हुतं. माय न्हाई, बाप न्हाई, तू बी तुटलास तर म्या 'माहेर' म्हनून कुनाकडं बगू?"

वैजनाथराव रडले. आवाज न करता, फाईल मांडीवर तशीच ठेवून. आक्कांनी त्यांना रडू दिलं. समजूत काढली नाही. मग चेक उचलला आणि माझ्यापुढं धरला. "मास्तर, बगा बरं, सही बरूबर हाय का?"

मी म्हणालो, बरोबर आहे.

"मंग ऱ्हाऊ दे. दवाखान्याला लागतंय." चेक पदराच्या गाठीला गेला. "आन् त्या रानातला येक तुकडा माज्या नावानं कर वैजू. मला पिकवायचं न्हाई. तूच पिकव. पर उताऱ्यावर माजं नाव पायजे. हितं उतारा पोराच्या नावानं, तितं तुज्या नावानं. म्या कुठल्याच कागदावर न्हाई. मरायच्या आत येका तरी कागदावर मी हाय म्हनून लिवलेलं आसू दे."

"करतो. आन् बेबाकी?"

"आदी उतारा आन. मंग बगू."

परत येताना स्कूटरवर ते फाईल पोटाशी धरून बसले होते.  माझ्या डोक्यात माझ्या दोन बहिणी होत्या. घरी पोचल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं, शेंगा सोलता सोलता. म्हणाल्या, "आपल्या पुन्याच्या पोराला रानाचं मी सांगते. तुमी जावा जिंतूरला."

पुढचे तीन महिने वैजनाथराव जिंतूरला खेटे घालत होते. बक्षीसपत्राची नोंदणी, मग तलाठ्याकडे फेरफार, मग नोटिशीची मुदत. आक्काला सहीसाठी न्यायचं होतं तेव्हा ते पेडगावला गेले आणि दस्तातली ओळ न ओळ त्यांना आधी वाचून दाखवली, दोनदा. शेवटी एका दुपारी ऑनलाइन केंद्रातून सातबाऱ्याचा उतारा निघाला. तो हातात धरून ते माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. मी पोरांना सोडून दिलं आणि स्कूटर पेडगावच्या वाटेला लावली.

चैत्राचं ऊन होतं. आक्का ओसरीवरच होत्या. उतारा आला म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून सरळ बसल्या. आक्कांना सही येते, वाचता येत नाही.

वैजनाथराव वाचू लागले. गाव, तालुका जिंतूर, गट, क्षेत्र शून्य हेक्टर चाळीस आर. भोगवटादाराचं नाव... तिथं ते थांबले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच अडकले. कागद माझ्याकडे दिला. मी मास्तर माणूस, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "भागीरथीबाई!"

"कुठं हाय, दावा," आक्का म्हणाल्या. मी बोट ठेवलं. माझं बोट बाजूला सारून त्यांनी स्वतःचं ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

वैजनाथरावांच्या पिशवीत आणखी एक कागद होता. तो मला ठाऊक होता, मीच टाइप करून दिला होता. त्यांनी तो काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला.

"काय हाय त्ये?"

"बेबाकी. सही कर आक्का. म्हंजे मी मोकळा."

आक्कांनी तो मला वाचायला लावला. 'माझी वैजनाथकडे कोणतीही बाकी राहिलेली नाही.' सगळा ऐकून घेतला. मग मान हलवली.

"न्हाई करनार."

"आता काय ऱ्हायलं आक्का? सांग, काय ऱ्हायलं? ते बी घालतो."

"काई न्हाई ऱ्हायलं. पर बाकी फिटली की तू कशाला येशील? म्या वळखत न्हाई का तुला? हिशोब हुता म्हनून तीनदा आलास ह्या वर्साला. न्हाई तर दिवाळीला टेकतूस, च्या पितूस, येष्टी चुकंल म्हनून पळतूस."

वैजनाथरावांनी कागदाची घडी घातली. घडीवर घडी घालत राहिले. तो अगदी एवढासा झाला.

"पंचमीला न्यायला येतो आक्का. चार दिस ऱ्हा आमच्याकडं."

"पंचमी लय लांब हाय," आक्का म्हणाल्या. "आज ऱ्हा."

वैजनाथरावांनी माझ्याकडे बघितलं. मी स्कूटरची किल्ली काढली आणि एकटाच मानवतला आलो.